हातभर लांब

मनगटावर चावीचं घड्याळ असेल तर काढून ठेवा. पुढे जिथे जायचंय तिथे ते बिघडेल, आणि वेळ पाहायचीही नाही.

डोळे मिटा. तळहातावर बेअरिंगची पोलादी कडी आहे असं समजा. कारखान्यात तिला रेस म्हणतात. ग्राइंडिंगवरून नुकतीच उतरलीय, कुलंटने ओली आहे. कडेवरून बोट फिरवा. बारीक काळपट कीस लागेल. पुसा. तो सरकतो, पण सुटत नाही. ग्राइंडिंगच्या वेळी तिला चुंबकाने धरून ठेवणारा मॅग्नेटिक चक केव्हाच बंद झाला, ऑपरेटरने जॉब उचललासुद्धा. पोलादाने मात्र ती पकड आत ठेवून घेतली. मऊ लोखंडाने ती बरीचशी सोडली असती. हे पाणी दिलेलं, कडक पोलाद आहे.

कीस तसाच राहिला तर गोळ्यांच्या वाटेत येऊन रेस खरवडेल. 

आता कडीच्या आत पाहा. पोलादात सूक्ष्म प्रांत असतात आणि प्रत्येक प्रांत हा चुंबकच असतो. ही कल्पना पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडली. आधी या प्रांतांची तोंडं दाही दिशांना होती, म्हणून बाहेर काही जाणवत नव्हतं. चकने त्यांना एका बाजूला वळवलं. शॉपवर म्हणतात, ‘चुंबक काढून आण.’ शब्द सोयीचा आहे, खरा नाही. आतून काही निघत नाही. फक्त एकमत मोडायचं असतं.

लोखंड ७७० अंश सेल्सिअसला चुंबकत्व सोडतं. पण तेवढं तापवलं तर कडीचा कडकपणाही जाईल. ती वाट आपली नव्हे.

समोर डिमॅग्नेटायझर आहे: तांब्याच्या तारेची कॉइल, मधे बोगदा. बटण दाबा. घुमणं ऐका. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा सेकंदाला शंभरदा उलटते. कडी आत न्या. ती ओढली जाते, बोटांत थरथरते. थरथरू द्या. आधीची पकड उलटवायची तर हे क्षेत्र चांगलं जोरदार लागतं. जे शांत करायचं ते आधी ढवळायचं, हे माझ्या मनाला पटायला वेळ लागला.

आता बाहेर. सावकाश. एक श्वास, वीतभर अंतर. प्रांत इकडे वळतात, तिकडे वळतात, पुन्हा इकडे. दर खेपेला ओढ जराशी कमी. पाय न टेकता आपोआप थांबू दिलेला झोका आठवा. आणखी एक श्वास. कुणी या दिशेला राहून गेलं, कुणी त्या. बटणाकडे हात नेऊ नका. कडी चांगली हातभर लांब जाईपर्यंत वीज चालूच असू द्या.

आता बंद करा. कडी किसावर धरा. कीस जागचा हलत नाही. चुंबकत्व मोजणारा गॉसमीटर अगदी शून्य दाखवेल अशी वाट पाहू नका. पृथ्वीचंच क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे, ते कुणालाच सुटलेलं नाही.

आणि कडी आत असतानाच बटण बंद झालं असेल, तर त्या क्षणी क्षेत्र जिकडे होतं तीच दिशा तिने पुन्हा धरली असेल. वैतागू नका. बटण चालू करा, कडी परत आत न्या, आणि पहिल्यापासून सावकाश बाहेर या.