कोयता कुणाच्या हुकुमाने?



दसरा झाला आणि अंजनवेलच्या गोपाळगडावर साफसफाईचे काम निघाले. पावसाळ्यात माजलेले पुरुषभर गवत कापायचे, तटात रुजलेली रोपे छाटायची, वाटेवर घसरलेली माती भरून बाजूला टाकायची, असे ते काम. तालुक्यातील एका मंडळाने तरुणांना श्रमदानाची हाक दिली. आमच्या वाडीतील एक मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, बारावी होऊन घरी बसला होता. तो मला विचारायला आला. मी म्हणालो, "अवश्य जा." तो रविवारी कोयता घेऊन गेला. संध्याकाळी त्याची आई माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"गुरुजी, माझ्या आजेसासऱ्यांनी खोताच्या दारात फुकट राबून कंबर मोडून घेतली. सासरे मुंबईला गिरणीत गेले ते त्या कोयत्यापासून सुटायला. आता पोरगा बारावी शिकला, तर तुम्हीच त्याला पुन्हा कोयता घेऊन पाठवता?"

मला उत्तर देता आले नाही. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तिचा प्रश्न माझ्या बापाचाही असू शकला असता. म्हणून त्यावर पुष्कळ विचार केला आणि तो येथे तुमच्यापुढे मांडीत आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरी धम्म तीन पिढ्यांचा आहे, काहींनी एक-दोन वर्षांपूर्वीच दीक्षा घेतली असेल. पण हा प्रश्न तुम्हा सर्वांच्या उंबऱ्यावर आज ना उद्या येणारच आहे. जी कामे आपल्या माथी जातीने मारली होती, ती कामे धम्म स्वीकारल्यावर आपण करावीत की करू नयेत?

प्रथम त्या गडाविषयी. वाशिष्ठी नदी जेथे समुद्राला मिळते, त्या दाभोळ खाडीच्या दक्षिण मुखावर हा किल्ला उभा आहे. आदिलशाही, शिवाजी महाराज, जंजिऱ्याचा सिद्दी असे धनी त्याने पाहिले. 1745 मध्ये तुळाजी आंग्रे यांनी तो सिद्दीकडून जिंकला आणि त्याला गोपाळगड हे नाव दिले. पुढे तो पेशव्यांकडे गेला आणि 1818 मध्ये इंग्रजांकडे. इतिहासाच्या पुस्तकात ही सारी नावे आहेत. मात्र तो जांभा दगड कुणी तोडला, कुणी वाहिला, जमिनीकडचा खंदक कुणी खणला, त्यांचे एकही नाव तेथे नाही. ती माणसे आपल्या आणि आपल्यासारख्यांच्या घरची होती, हे समजायला कोणत्याही शिलालेखाची गरज नाही.

असा गड एका पावसाळ्यात पडत नाही, पण प्रत्येक पावसाळ्यात थोडा थोडा खचतो. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे, वडाचे, उंबराचे बी तटाच्या सांध्यात पडते. पहिल्या वर्षी ते बोटाएवढे रोप असते आणि हाताने निघते. दहा वर्षांनी त्याचे मूळ मांडीएवढे होऊन दगडाला दगडापासून दूर लोटते. तेव्हा ते उपटले तर मुळाबरोबर तटही येतो. म्हणून हे काम दरवर्षी, पाऊस सरल्यावर आणि जाणकाराला विचारून करावे लागते. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगीही लागते. जुन्या चुन्याच्या दरजा सिमेंटने भरल्या तर पाणी आत कोंडते आणि दगड झिजतो. म्हणजे या कामाला मनगट लागते तशी बुद्धीही लागते. ते हलके काम नाही.

मग त्या मातेचा राग कशावर आहे? कोयत्यावर की आणखी कशावर?

आपल्या जिल्ह्यात खोतीची पद्धत होती हे तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. खोताचे शेत आधी, आपले नंतर. त्याचे लाकूड फोडायचे, त्याच्या घरची कामे करायची, त्याचा भार वाहायचा. मोबदला नाही, नकाराची सोय नाही. याला वेठ म्हणत. परमपूज्य बाबासाहेबांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी 1938 मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मोर्चाने कौन्सिल हॉलवर गेले आणि त्यांत कुणबी व महार एकत्र चालले. शेवटी 1949 च्या कायद्याने खोती गेली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या मोर्चातील माणसे शेत सोडायला निघाली नव्हती. तोच नांगर, तोच कोयता त्यांना हवा होता, पण खोताच्या हुकुमाखाली नव्हे. हत्याराला विटाळ नव्हता. हुकुमाला होता.

हाच भेद पुढे राज्यघटनेत आला. अनुच्छेद 23 ने बेगार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी केली. शासनाला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येते, पण तीत केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद करता येत नाही, असेही त्याच अनुच्छेदात आहे. 1982 मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. किमान वेतनाहून कमी पैशांत राबविणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे, असे न्यायालयाने सांगितले. पोटाची गरज माणसाला 'हो' म्हणायला लावते आणि त्या 'हो'ला राजीखुशी म्हणता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व.

भगवान बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले. हात काय करतो एवढ्यावर कर्म ठरत नाही. मन कोणत्या हेतूने करते, त्यावर ठरते. गृहस्थाच्या कर्तव्यांविषयी राजगृहाच्या सिगालाला उपदेश करताना त्यांनी धन्याचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत. नोकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, त्याला अन्न आणि वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुटी द्यावी. गडावरच्या हंगामी कामाला ही फूटपट्टी लावून पाहा. उन्हात तास न् तास राबविणारा, दुपारचे जेवण न देणारा, पाय कापला तर मलमपट्टीही न करणारा मुकादम या पाचांपैकी किती पाळतो?

पाण्याचीही एक कसोटी आहे. 1934 मध्ये बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाची धूळ होती म्हणून दाराजवळच्या हौदावर काही जणांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून, यांनी हौद बाटविला, असा ओरडा झाला, गर्दी जमली, प्रसंग हातघाईवर येऊ लागला. शेवटी, गडावर कोठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर त्यांना आत सोडले आणि लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. विलायतेत शिकून आलेल्या बॅरिस्टरांची ही गत. त्या हौदातला गाळ कधीकाळी कुणी उपसला असेल? गाळ उपसणाऱ्या हाताला विटाळ नाही आणि त्याच हाताने ओंजळ भरली की विटाळ! म्हणून जेथे आपला मुलगा हौद किंवा विहीर साफ करायला जातो, तेथे दुपारी पाणी कोणत्या भांड्यातून कोण पितो, हे त्याने पाहिलेच पाहिजे.

कुणी म्हणेल, राजांच्या गडाचे आपल्याला काय? आपण आपली लेणी जपावीत. लेणी जपलीच पाहिजेत. खाडी ओलांडली की दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी येथे नदीकाठी 29 लेणी आहेत आणि त्यांतली सर्वांत जुनी बौद्ध आहेत. आपल्यातील किती कुटुंबे तेथे एकदा तरी गेली आहेत? पण गड आपला नाही असे म्हणणे म्हणजे ज्यांनी दगड वाहिले त्यांचा हक्क दुसऱ्यांदा सोडून देणे होय.

डागडुजीचे काम आपल्या परंपरेत कधी हीन नव्हते. कौशांबीच्या उदयन राजाची आणि आनंद स्थविरांची एक कथा विनयात आहे. राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने जरा रागानेच विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ही देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे काय? असे विचारता विचारता कथा अंथरुणाच्या खोळीवर, जमिनीवरच्या बैठकीवर, पायपुसण्यावर, धूळ झटकायच्या फडक्यावर येते. शेवटी त्या चिंध्या कुटून मातीत मळून जमीन सारवायची, येथे ती थांबते. राजाचा राग गेला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. भगवंतांच्या सर्वांत निकटच्या शिष्याला सारवणाची भाषा येत होती आणि ती राजासमोर बोलताना त्याला लाज वाटली नाही.

लाज कुणाला वाटते ते आता सांगतो. ती मला वाटते. त्या मातेच्या प्रश्नाने माझ्याच वागण्याकडे माझे लक्ष गेले. शाळेत शनिवारी वर्ग झाडायचा असतो. मी खुर्चीवर बसून मुलांची नावे पुकारतो. पदवी मिळाल्यापासून मी झाडू हातात घेतलेला नाही आणि यालाच मी स्वाभिमान समजत होतो. पण काम दुसऱ्याच्या हातात देऊन आपण फक्त हुकूम करायचा, हीच तर जुनी रीत. तीत मी माझी जागा तेवढी बदलून घेतली होती.

दुसऱ्या रविवारी मी त्या मुलाबरोबर गडावर गेलो. तेव्हा मला कळले की पहिल्या दिवशी आमच्या वाडीच्या पोरांकडे मातीची घमेली आली होती आणि बाकीच्यांकडे दोर धरणे, फोटो काढणे, माहिती सांगणे अशी कामे. कारण विचारले तर हसून उत्तर मिळाले होते, "तुम्हांला सवय आहे." बोलणाऱ्याच्या मनात कदाचित वाईट नसेलही. पण खोतही वेगळे काय म्हणत होता?

त्या दिवशी आमचा मुलगा सर्वांदेखत म्हणाला, "घमेली आज पाळीपाळीने उचलू या." थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मंडळाच्या एका कार्यकर्त्याने घमेले उचलले, मागून दोघेतिघे आले. एक जण काम आहे म्हणून निघून गेला. मीही घमेले उचलले आणि अर्ध्या तासात दम लागला. दुपारी सर्वांनी एकाच कळशीतले पाणी प्यायले. यात फार मोठी क्रांती झाली असे मी म्हणत नाही. पण त्या मुलाने हुकूम मोडला आणि काम मोडले नाही.

म्हणून माता-पित्यांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी अशा कामाला निघाली तर कोयता हिसकावून घेऊ नका. चार प्रश्न विचारून पाठवा. नाही म्हणण्याची मोकळीक आहे का? काम पोटासाठी असेल तर मजुरी कायद्याप्रमाणे आणि वेळेवर मिळते का? श्रमदान असेल तर सर्वांचे आहे की आपल्याच मुलांचे? पाणी आणि भाकरी एकत्र आहे का? चारांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' आले, तर तेथे श्रमदान नाही, नाव बदललेली वेठ आहे. तेथून मुलांनी परत यावे आणि परत येण्याचे कारण तोंडावर सांगून यावे. चारही उत्तरे 'होय' आली, तर त्यांना जाऊ द्या, आणि जमल्यास आपणही जा.

ती माता अजून पुरती राजी नाही. परवा म्हणाली, "जाऊ दे त्याला, पण कोयता घरचा नेऊ नको म्हणावं. त्यांनी द्यावा." मला हे बोलणे आवडले. तिच्या आजेसासऱ्यांना एवढी अट घालता आली नव्हती.

आपल्या घरी बसून या चार प्रश्नांचा विचार करा. मी पुढच्या शनिवारी वर्ग झाडायला मुलांबरोबर उभा राहणार आहे.

जय भीम.