रंगाआधी ओल

त्वचेच्या बाबतीत परमेश्वराने माणसांचे दोन पक्ष केले आहेत. एक तेलकट आणि दुसरा कोरडा. 'नॉर्मल' नावाचा तिसरा पक्ष असतो असं क्रीमच्या बाटल्यांवर छापलेलं असतं, पण त्या पक्षाचा सभासद मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही. तेलकट पक्ष सुखी असतो असं मी म्हणणार नाही. मात्र त्याच्या दुःखावर निदान पावडर नावाचा सोपा उपाय आहे. आम्हा कोरड्यांचं तसं नाही. आमच्या चेहऱ्याला पावडर लावली की ती चेहऱ्यावर बसत नाही, चेहऱ्यात जाऊन बसते. नाकाच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यात, भुवयांच्या मध्ये जिथे जिथे म्हणून बारीक भेग असेल तिथे ती मुक्काम करते, आणि अर्ध्या तासात मे महिन्यातल्या उजनी धरणाच्या काठचा गाळ जसा दिसतो तसं आमचं तोंड दिसू लागतं. झाकण्यासाठी लावलेली वस्तू अशी चारचौघांत चहाडी करते.

त्यातून मराठी भाषासुद्धा आमच्या विरुद्ध. मनापासून नसलेलं स्वागत कोरडं, खोटी सहानुभूती कोरडी, आणि लोकांना उपदेश करून स्वतः काहीच न करणारा तो कोरडा पाषाण. उलट, ज्याच्या मनात माया असते त्याच्या मनात म्हणे ओलावा असतो. एकाच ठिकाणी भाषेला आमची दया आलेली दिसते. आमच्या सोलापूरकडे भाकरीबरोबर जे पातळ कालवण खातात त्याला 'कोरड्यास' म्हणतात. भाकरी कोरडी आहे हे मान्य करून, तिला न हिणवता, तिची सोय लावणारा हा शब्द मला फार आवडतो. चेहऱ्यालाही असंच काहीतरी कोरड्यास लागतं, हेच मला सांगायचं आहे. पण त्याआधी आमच्या घरातल्या नीतिशास्त्राकडे वळायला हवं.

आमच्या यांचं मत असं, की मेकअप ही मुळात फसवणूक आहे. "असावं तसं दिसावं," असं ते म्हणतात. हे वाक्य ते ज्या डोक्याखालून उच्चारतात, त्या डोक्यावरचे उरलेसुरले केस डाव्या कानापासून निघून, टकलाला अर्धी प्रदक्षिणा घालून उजव्या कानाशी विसावा घेतात. पण ते असो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणतात, आणि त्यातूनच त्यांना एक साक्षीदार सापडला. साक्षीदार साधासुधा नव्हे, ग्रीसचा.

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या लेखकाने घरसंसार कसा चालवावा यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात इस्कोमाखस नावाचे एक गृहस्थ सॉक्रेटिसला आपल्या बायकोची हकिगत सांगतात. ही बाई एक दिवस तोंडाला सफेदा फासून, गालांना लाली लावून आणि उंच टाचांची पायताणं घालून समोर आली. इस्कोमाखस तिला म्हणाला, मी जर माझी मिळकत फुगवून सांगितली, खोटी नाणी आणि मुलामा दिलेले लाकडी दागिने दाखवले, तर तुला आवडेल का? नाही ना? मग तू तरी हे असलं खोटं रूप मला का दाखवतेस? बिचारीने सगळं सोडून दिलं आणि विचारलं, मग खरोखर सुंदर व्हायला मी काय करू? त्यावर इस्कोमाखसचा सल्ला असा: कणीक तिंब, कपडे आणि अंथरुणं झटकून घड्या घाल, घरभर हिंडून कामावर देखरेख कर. रंग आपोआप चढेल.

हे वाचून दाखवताना यांचा चेहरा कोणत्याही प्रसाधनाविना उजळला होता. मी एवढंच विचारलं, की ती लग्न होऊन आली तेव्हा किती वर्षांची होती? त्याच पुस्तकात लिहिलं आहे, पंधराचीही नव्हती. पंधराची पोर नवऱ्याला आवडावी म्हणून तोंडाला काहीतरी लावून उभी राहते, आणि तिला खोट्या नाण्यांवर व्याख्यान मिळतं. कणकेचं म्हणाल, तर मी ती चाळीस वर्षं तिंबते आहे. रंग कणकेला चढतो, हे मी शपथेवर सांगू शकते.

तरीही प्रश्न उरतोच. दुसऱ्याला दाखवण्यासाठी आपण आपला चेहरा बदलतो तेव्हा आपण खोटं बोलतो का?

मला वाटतं, आपल्या मराठी माणसांनी तरी या प्रश्नाचं उत्तर देताना जपून राहावं. या महाराष्ट्रात एक काळ असा होता, की घरंदाज बायका शालू कसा नेसावा, अंबाड्यात गजरा कसा माळावा, हे एका पुरुषाकडे पाहून शिकत होत्या. 1919 साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं, आणि बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षकांनी डोळे पुसले. रंगपटात तोंड रंगवून आलेला तो पुरुष आहे, हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी पैसे परत मागितल्याचं ऐकिवात नाही. रंग खोटा होता. त्यातून पोचत होतं ते दुःख खोटं नव्हतं.

आणि रंगाचा धंदा करणाऱ्यांना कोरडेपणाचं मर्म नीतिवाद्यांच्या फार आधी कळलेलं आहे. नाटकातला जुना रंग कांडीचा असे. जाड आणि कडक. लांबून पाहणाऱ्या प्रेक्षकाला तो चाले. सिनेमाचा कॅमेरा नटाच्या तोंडाजवळ आला आणि त्या रंगाला पडलेल्या भेगा पडद्यावर हातभर दिसू लागल्या. 1914 साली लॉस एंजेलिसमध्ये मॅक्स फॅक्टर या रंगभूषाकाराने बरणीतला मऊ, क्रीमसारखा रंग तयार केला. तो चेहऱ्याबरोबर हले आणि तडकत नसे. पुढे 1937 मध्ये त्याच्याच कंपनीचा पॅनकेक आला. तोही कोरडा लावायचा नाही, ओल्या स्पंजनेच लावायचा. म्हणजे खोटा चेहरा नीट दिसायलासुद्धा पाण्याची गरज आहे. ही गोष्ट मला तरी फार विचार करण्यासारखी वाटते.

आता हे पाणी चेहऱ्यात टिकतं कसं? आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्श्याइतका पातळ. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी असते असं शास्त्रज्ञ सांगतात. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे चुना. चुना झडला की आतलं पाणी उडून जातं आणि भिंत कोरडी पडते. 1952 साली अर्विन ब्लँक नावाच्या अमेरिकन संशोधकाने कडक झालेल्या कातडीचे तुकडे घेऊन ते तेलात बुडवून पाहिले; ते कडकच राहिले. पाण्यात घातले तेव्हा मऊ झाले. म्हणजे मऊपणा येतो पाण्याने. तेलाचं काम राखणदाराचं. ते पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही.

ही विद्या आमच्या लहानपणी प्रत्येक रंगाऱ्याला येत होती. दिवाळीआधी घराला सफेदी लावायची, तर तो आधी भिंत खरवडून पोपडे काढी, मग तिच्यावर पाणी मारी आणि मगच चुन्याची कुंची फिरवी. कोरड्या भिंतीवर चुना लावला तर भिंत त्यातलं पाणी पिऊन टाकते आणि दुसऱ्या दिवशी पांढरी धूळ अंगावर पडते. माझ्या भाचीच्या लग्नात एका ब्यूटी पार्लरच्या बाईंनी नेमकी हीच चूक केली. भाची आमच्याच पक्षाची. डिसेंबरचा महिना, पुण्याची थंडी. बाईंनी कोरड्या चेहऱ्यावर फाउंडेशनचा गिलावा केला, वर पावडर थापली, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरीच्या कपाळाला पोपडे आले. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरा मुलगा क्षणभर दचकला. सगळ्यांना वाटलं, भावना दाटून आल्या.

म्हणून सांगते. तोंड कढत पाण्याने धुऊ नका, कोमट घ्या. साबण शक्यतो टाळा किंवा सौम्य वापरा; आमच्या आजीचं डाळीचं पीठसुद्धा कोरड्या कातडीला ओढतं, त्यात साय कालवली तरच चालतं. टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपा. आणि चेहरा ओलसर असतानाच क्रीम लावा. ग्लिसरीन लावायचं तर पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून. मग पाच-दहा मिनिटं थांबा. हे थांबणं सगळ्यात अवघड, कारण याच वेळी खालून रिक्षावाल्याचा भोंगा आणि वरून नवऱ्याचा आवाज येतो. रंग पातळ किंवा क्रीमसारखा निवडा, पावडर लागलीच तर नाकाच्या शेंड्यापुरती. आणि रात्री, कितीही कंटाळा आला तरी, तेलाने किंवा क्रीमने सगळं हळुवार उतरवून, तोंड धुऊन पुन्हा ओल द्या. चेहरा लाल होत असेल, खाजत असेल, तर रंगाचा नाद सोडून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

कारण झाकण्याची एक वाईट जात आहे आणि तिचा इतिहासही वाईट आहे. युरोपात शेकडो वर्षं बायका तोंडाला शिशाचा सफेदा फाशीत. त्याने कातडी खराब होई. ती खराब झालेली झाकायला आणखी सफेदा. अठराव्या शतकात मारिया गनिंग नावाची सौंदर्यवती इंग्लंडात गाजली, सरदाराची बायको झाली, आणि तिशीही न गाठता 1760 साली वारली. लोकांनी तिच्या मृत्यूचं खापर या सफेद्यावरच फोडलं. जे झाकतोय त्यालाच जो रंग आतून खातो, तो रंग मात्र पाप आहे, असं मला वाटतं. आणि ते फक्त चेहऱ्यालाच लागू आहे असं थोडंच? दारात पाहुणे आले की हसू लावणारी आणि आत मुलांशी चकार शब्द न बोलणारी घरं आपण पाहतोच की.

पण झाकण्याची दुसरीही एक जात आहे. ती मला सासूबाईंनी दाखवली. 1996 चा हिवाळा. त्या तीन महिने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. एके दिवशी बार्शीहून त्यांचा धाकटा भाऊ भेटायला येणार असल्याचा निरोप आला. सकाळी त्या मला म्हणाल्या, "जरा पावडर लाव गं मला. असं बघून घाबरेल तो." मामंजी गेल्यानंतर बारा वर्षांत त्या बाईने तोंडाला पावडरचं बोट लावलेलं नव्हतं. आजाराने कातडी कागदासारखी झालेली. तिच्यावर नुसती पावडर टाकली असती तर राख लावल्यासारखी दिसली असती. म्हणून आधी कोमट पाण्याच्या फडक्याने चेहरा हळूहळू टिपला. मग कोकमाच्या तेलाचा तुकडा तळहातावर चोळून, विरघळवून, कपाळाला, गालांना, ओठांना लावला. थोडं थांबले. मग पावडरचा नुसता हात फिरवला. पाण्याचं भांडं आमचे हेच धरून उभे होते. तेव्हा यांची इस्कोमाखसशी ओळख व्हायची होती. पण झाली असती तरी त्या दिवशी त्याला खोलीत कोणी घेतलं नसतं.

मामा आले. उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "अक्का, बरी दिसतेस की!" सासूबाई म्हणाल्या, "बरी आहेच मुळी." तासभर दोघं लहानपणच्या आंब्याच्या झाडाबद्दल बोलत बसले. निघताना मामा परसात जाऊन, हौदाशी पाठमोरे उभे राहून, पुष्कळ वेळ तोंड धूत होते. कोण कोणाला फसवत होतं, सांगा बघू?

संध्याकाळी मी पावडर उतरवून पुन्हा तेल लावलं तेव्हा सासूबाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, "हे बरं वाटतं बघ. सकाळीसुद्धा हेच बरं वाटलं होतं." रंग भावासाठी होता. ओल त्यांच्यासाठी होती. पंधरा दिवसांनी त्या गेल्या.

तेव्हापासून माझं नीतिशास्त्र एवढंच आहे. दुसऱ्यासाठी चेहऱ्याला रंग लावणं हे खोटं बोलणं नव्हे. पाहुणे यायच्या आधी आपण चादर बदलतो, त्यातलंच ते आहे. पण ज्याच्यावर तो रंग चढवायचा त्याची आधी विचारपूस करावी, आणि पाहुणे गेल्यावर, कोणी पाहत नसताना, पुन्हा एकदा करावी. एवढं केलं की रंग टिकतोही चांगला.

हे सगळं मी परवा यांना सविस्तर ऐकवलं. यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता इस्कोमाखस येणार. पण हे इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "अगं, थंडीत माझं टक्कल फार ओढतं. त्यावर काही लावता येईल का?"

मी त्यांना आधी डोकं ओलं करून यायला सांगितलं.