जाळलेलं पुस्तक आणि जपलेलं पुस्तक

मनुस्मृती आपण जाळली. २५ डिसेंबर १९२७, महाड. हे आपल्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण ज्या माणसाच्या पुढारीपणाखाली ती जळाली, त्याच माणसाने पुढे वीस-पंचवीस वर्षं मनूचं पान न् पान पिंजून काढलं, हे किती जणांच्या ध्यानात आहे? १९४६ सालचं 'शूद्र पूर्वी कोण होते?' उघडून बघा. मनू त्यात अध्याय-श्लोकांच्या आकड्यांसकट उभा आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसीवर भागवावं लागलं. मग त्यांनी इंग्रजी भाषांतरं घेतली आणि वर्षानुवर्षं वाचली.

आमच्या अभ्यासमंडळातल्या एका पोराला कॉलेजात इतिहासाचा प्रकल्प दिलाय. जुन्या ग्रंथालयात जाऊन दुर्मिळ पुस्तकं बघायची आणि त्यावर वीस पानं लिहायची. तो मला म्हणाला, "दादा, ज्या पुस्तकांनी आपल्या बापजाद्यांना माणूस धरलं नाही, त्यांची पानं मी दोन बोटांनी हळूहळू उलटायची? फाटू नये म्हणून जपायची? मला तर घाण वाटते. जळूनच जाऊ द्या ना ती सगळी."

त्याचा प्रश्न खोटा नाही. आपल्यातले पुष्कळ जण मनातून तेच म्हणतात, तोंडाने बोलत नाहीत एवढंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९२७ साली मनुस्मृती दुर्मिळ नव्हती. बाजारात पैसे टाकले की मिळायची. जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण. उघड परिषद, उघड ठराव, कोण जाळतंय हे साऱ्या मुलखाला ठाऊक. पोथी जगातून नाहीशी व्हावी असा त्या आगीचा हेतूच नव्हता. हा कायदा आम्हाला मान्य नाही, एवढं सांगायचं होतं आणि ते सांगून झालं. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेही मला समजतं. तो रोखा जिवंत होता. उद्या त्याच्याच जोरावर बैल आणि भांडी जप्त होणार होती.

पण ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसला, कपाटं फुटली, हस्तलिखितांची नासधूस झाली, ती गोष्ट वेगळी. राग होता एका परदेशी लेखकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचा आणि मार बसला जुन्या कागदांना. काही मित्र म्हणतात, बरं झालं, बामणांचीच कपाटं होती. मला हे पटत नाही. आपल्यावर काय काय गुदरलं याचा लेखी पुरावा आहे तरी कुणाकडे? आपल्या आज्याकडे? त्याच्या हातात पाटी आली कधी? पुरावा आहे तो त्यांच्याच दप्तरात, त्यांच्याच अक्षरात. सावकाराने किती लुटलं हे सांगायला शेवटी त्याचंच खातं काढावं लागतं. मनू जिवंत असेल तर तो लोकांच्या डोसक्यात आहे, लग्नाच्या जाहिरातीत आहे, गावच्या पाणवठ्यावर आहे. कपाटातला मनू साक्षीदार आहे, आणि आपल्या बाजूने बोलू शकणारा साक्षीदार आपणच का मारायचा?

पुस्तक जाणं म्हणजे काय हे बाबासाहेबांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. १९१७ साली ते विलायतेहून परतले, तेव्हा बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तकं बोटीबरोबर समुद्रात गेली.

दुसरी गोष्ट. त्या कपाटांत सगळं परकंच आहे असं आपण धरून चालतो, तेही खरं नाही. ग्रंथालयवाल्यांचा एक शब्द आहे, दोलामुद्रित. दोला म्हणजे पाळणा. मराठी छपाई पाळण्यात होती तेव्हाची पुस्तकं, साधारण १८६७ च्या आतली. त्या साली छापखान्यांचा आणि पुस्तकनोंदणीचा कायदा आला, म्हणून तिथे रेघ मारतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थांनी ही पुस्तकं जपून ठेवली. शब्द ऐकल्यावर मला पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, या पाळण्यात कुणाची बाळं निजली असतील ते सांगायला नको.

पण बघा. १८५५ साली, म्हणजे त्या पाळण्याच्याच दिवसांत, 'ज्ञानोदय' पत्राच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे. मांगाची पोर, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली, वय चौदाच्या आसपास. वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचं पुस्तक कुठलं आणि आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिने टाकला. दलित साहित्य कधी सुरू झालं यावर आपण रात्र रात्र भांडतो, चहाचे कप संपतात, आणि ही पोर तिकडे १८५५ सालात लिहून बसलेली आहे. तो निबंध कुणी जपला? आपल्या कुणाला जपता आला नाही. अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्राच्या फायलीत तो राहिला. मिशनऱ्यांचा हेतू त्यांचा त्यांच्यापाशी, ते काही आपल्यासाठी फाईल लावत नव्हते. पण त्या फाईलला वाळवी लागली असती तर आपली एक आजी आपल्याला कधी भेटली नसती.

असं आणखी झालंय. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ चं. ते विसरलं गेलं, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी शोधून पुन्हा छापलं तेव्हा कळलं. जोतिबांचं 'तृतीय रत्न' नाटक १८५५ चं, छापून लोकांपुढे आलं १९७९ साली. सव्वाशे वर्षं ते कागद गप्प होते.

आता दाराची गोष्ट. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या साली तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर तळं उघडं, पण ओंजळ कुणाची भरली नाही. ती भरायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं. आज सरकारी आणि सार्वजनिक ग्रंथालयांचं तसंच आहे. नियमात कुठेही जात लिहिलेली नाही. तरी त्या टेबलांवर आपली किती पोरं बसलेली दिसतात?

मी एका जुन्या ग्रंथालयात गेलो होतो. नाव सांगत नाही. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कुठल्या विद्यापीठाचे?" म्हटलं, "सूतगिरणीचा." "मार्गदर्शकांचं पत्र आणलंय?" म्हटलं, "मार्गदर्शक १९५६ ला गेले." बाईंना काही उमगलं नाही. बाजूला उभा असलेला शिपाई मात्र खुदकन हसला, आणि त्यानेच मला फॉर्म आणून दिला. चार खेपा घातल्या, तेव्हा पुस्तक समोर आलं. रात्रपाळी करून गेलेला माणूस, डोळ्यांत सुताचा फुफाटा, आणि तिथली ती थंडगार शांतता. झोप येईल वाटलं होतं. आली नाही.

तेव्हा पोरांनो, जायचं. पिशवी बाहेर ठेवायला सांगतील, ठेवायची. शाईचं पेन चालत नाही, शिसपेन्सिल न्यायची. यात अपमान नाही, कागदावर शाई सांडली तर पुन्हा निघत नाही एवढंच. चिठ्ठीवर पुस्तकाचा क्रमांक नीट लिहायचा. उतरवून घेताना पुस्तकाचं नाव, साल, छापखाना आणि पान पहिल्यांदा लिहायचं, मजकूर मागाहून. आणि मधलं वाक्य गाळायचं नाही.

हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्यावरच बोलतो.

आपल्या त्या पोराने प्रकल्पाला विषय घेतला भीमा कोरेगाव. १ जानेवारी १८१८. आपल्या पत्रकांत असतं की पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांची पेशवाई कापून काढली. मी त्याला म्हटलं, ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास बघ, १८२६ ला लंडनला छापलेला. जुन्या ग्रंथालयांत तो असतो, आता फोनवरही मिळतो. त्याने बघितला, आणि तोंड पाडून आला. कॅप्टन स्टाँटनबरोबर पायदळ पाचशेच्या आसपास, ते खरं. पण शिवाय अडीचशेच्या वर घोडेस्वार होते, दोन तोफा होत्या, मद्रासचे चोवीस गोरे गोलंदाज होते. पायदळातही सगळे महार नव्हते, इतर जातींचे होते, मुसलमान होते. पेशव्याची फौज पंचवीस-अठ्ठावीस हजारांच्या घरात सांगतात, पण गावावर तुटून पडल्या त्या सहाशे-सहाशेच्या तीन निवडक तुकड्या. खांबावर पडलेल्यांची ४९ नावं आहेत, त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे.

तो म्हणाला, "हे लिहिलं तर आपलेच लोक मारतील. आणि ते लोक टाळ्या पिटतील. लिहू का नको?"

हा खरा सवाल आहे, आणि तो सोपा नाही. २०१८ च्या १ जानेवारीला त्याच रस्त्यावर आपल्या माणसांवर दगड पडलेत. दगड खाणाऱ्याला सांगायचं, बाबा रे, तुझा आकडा जरा चुकतोय? ऐकणाऱ्याच्या काळजाला लागतं ते. तरी माझं म्हणणं आहे, लिही. सबंध लिही.

कारण त्याने ते पान अर्धंच मनात घेतलं होतं. मी म्हटलं, पुढे वाच. ती पलटण शिरूरहून रात्रभर चालून आली होती. पोटात अन्न नाही. भीमा नदी डोळ्यांसमोर वाहतेय आणि नदीवर जायची वाट शत्रूने अडवलेली. दिवसभर लढाई, आणि पाण्याचा थेंब नाही, अंधार पडेपर्यंत. आता सांगा, पेशवाईत ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता ते लोक, समोर नदी आणि घशाला कोरड, तरी जागा सोडत नाहीत. ही गोष्ट आपल्या कुठल्या पत्रकात आहे? अठ्ठावीस हजारांच्या आकड्याखाली ती चिरडून गेलीय. आकडा आपल्याला लोकांच्या तोंडून मिळाला, तहान पुस्तकात मिळाली.

आणि अडचणीची गोष्टही लिहायची. ते कंपनी सरकारचे नोकर होते. त्याच गोऱ्या सरकारने १८९० नंतर महारांची पलटणीतली भरती बंद केली. त्यावर गोपाळबाबा वलंगकरांनी अर्जी केली, पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी केली. इमान कुणाशी राखलं आणि त्याचं फळ काय मिळालं, हे आपणच विचारायचं. दुसऱ्याने खवचटपणे विचारायच्या आत.

यावर एक जण म्हणेल, बाबासाहेबांनी तरी सगळे पुरावे हातात धरूनच लिहिलं का? नाही. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी हा मुद्दा स्वतःच काढलाय. साखळीतला दुवा तुटलेला असेल, तर इतिहासकाराने कल्पनेने तो जोडायला हरकत नाही असं त्यांचं मत होतं. पण कुठे जोडलंय ते ते उघड सांगतात, अनुमान आहे असं म्हणतात. मी रिंगखात्यात आहे. दिवसभर तुटलेला धागा सांधणं हाच माझा धंदा. धागा तुटणारच, सांधावा लागणारच, त्यात लाज कसली. पण आडदांड गाठ मारून सोडून दिली तर ती पुढे कापडात दिसते, आणि माल परत येतो. मी कविता करतो, कवितेत मी सूर्य खिशात घालतो, कुणी पुरावा मागत नाही. प्रकल्पात मागणार, आणि मागायला हवा.

आपल्याला याची जरूर त्यांच्यापेक्षा जास्त आहे. महाडचा दावा आठवा. तळ्यावर अस्पृश्यांनी यायचं नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असं सवर्णांचं म्हणणं. दहा वर्षं खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने त्यांचं अपील फेटाळलं, कारण वहिवाट अनादी आहे हे त्यांना शाबीत करता आलं नाही. हजारो वर्षं, हजारो वर्षं असं तोंडाने म्हणत होते, आणि कोर्टाने पुरावा मागितल्यावर अडले. जो हिशेब त्यांना लावून आपण तळं जिंकलं, तो आपल्याला लावून घ्यायला आपण का कचरायचं?

राहिली आपली स्वतःची कपाटं. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला. सरकारने ते एकत्र छापले १९९० साली, वसंत मून यांच्यासारखी माणसं त्यामागे खपली म्हणून. मधल्या साठ-सत्तर वर्षांत त्यांचे किती अंक चुलीत गेले, किती पावसात भिजले, कोण मोजणार? आपण काढतो ती ही सायक्लोस्टाईलची पानंसुद्धा तशीच. कागद पिवळा पडतो, शाई फिकी होते, घर बदलताना गठ्ठा रद्दीत जातो. प्रत्येक अंकाच्या दोन प्रती कुठल्यातरी ग्रंथालयात नेऊन द्यायच्या आणि पोच घ्यायची, असं मी मंडळात सुचवलंय. काही जण म्हणाले, प्रस्थापितांच्या दारात आपण का जायचं. त्यावर पुढच्या बैठकीत भांडू.

तोवर एक काम आहे. आमच्या गल्लीत एका म्हाताऱ्या बाबांकडे आंबेडकरी जलशाच्या गाण्यांच्या दोन वह्या आहेत, त्यांच्या वडिलांच्या हातच्या. कडा उंदरांनी खाल्ल्यात. सून म्हणते, घर लहान, टाकून द्या. बाबा वह्या घराबाहेर न्यायला देत नाहीत, पण समोर बसून उतरवून घ्या म्हणतात. शब्द अडला तर चाल म्हणून दाखवतात, मग तो लागतो. रविवारी सकाळी दहाला तिघं जण हवेत. पेन्सिल आणि कोरी वही ज्याची त्याने आणावी.