आजीला दिलेला शब्द

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आजी शेणखताच्या खड्ड्याच्या कडेला बसून काहीतरी निवडत होती. बाजूला ढीग होता ताटल्यांचा. पांढऱ्या, शेणाने माखलेल्या, कडेला जरा चिरलेल्या, पण ताटल्याच. एकीवर हिरव्या पानाचं चित्रसुद्धा अजून ओळखू येत होतं.

"तू म्हनला व्हतास ना, पावसात जिरतील?"

म्हणालो होतो. आमचं गाव वैशाखरे, मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या पुढे. नाणेघाट चढायला येणारे इथूनच जातात. गेल्या ऑगस्टमध्ये ऑफिसचे 24 जण घेऊन मीही आलो. घाट उतरून घरी पिठलं-भाकरी. प्लास्टिक नको म्हणून मी मुद्दाम महागातल्या 'कंपोस्टेबल' ताटल्या मागवल्या होत्या. जेवणं झाल्यावर आजी त्या पोत्यात भरत होती, तर मीच तिला थांबवलं. खड्ड्यात टाक, खत होईल. वर एक व्याख्यानही दिलं, की आता जिवाणू प्लास्टिक बनवतात, त्यामुळे ते मातीचंच असतं.

व्याख्यान खोटं नव्हतं. 1926 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लेमॉइन्य यांना एका जिवाणूच्या पेशीत एक पॉलिमर सापडलं. त्याला आज पीएचबी म्हणतात. त्या जिवाणूसाठी ते प्लास्टिक नाही, ती त्याची कणगी आहे. साखर भरपूर आहे, पण नायट्रोजन संपलाय, म्हणजे वाढता येत नाही. अशा वेळी तो जादा कार्बनचे दाणे करून पोटात ठेवतो आणि उपासमार आली की तेच खातो. कारखान्यात नेमकं हेच घडवून आणतात. टाकीत साखर किंवा तेल ओतत राहायचं आणि नायट्रोजन तोडायचा. काही जिवाणूंच्या कोरड्या वजनात 80 टक्क्यांपर्यंत नुसतं पीएचबी भरतं. मग पेशी फोडायची. प्रयोगशाळेतली जुनी रीत म्हणजे क्लोरोफॉर्म: त्यात पीएचबी विरघळतं, बाकीचा कचरा गाळायचा, मिथेनॉल घातलं की पांढरा साका खाली बसतो. मातीत मिसळणारी वस्तू काढायला क्लोरोफॉर्म लागावा, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्र वाटलं होतं. म्हणून आता साबणासारखी द्रव्यं, एन्झाइम असे मार्गही वापरतात, पण शुद्धता आणि खर्च यांची ओढाताण सुटत नाही. साध्या प्लास्टिकपेक्षा हे महाग पडण्यामागे पेशी फोडून माल बाहेर काढण्याचा मोठा हात आहे.

कणगी भरायला लावायची आणि भरली की घर फोडायचं. सांगताना जरा खटकतं, पण जिवाणूंसाठी मी रडणार नाही. आपण कढी करतो तेव्हा दह्यातल्या कोट्यवधींना उकळतोच. माझी अडचण वेगळी आहे.

ताटल्या धुऊन मी पाकिटाचा जुना फोटो मोबाइलमध्ये शोधला. त्या पीएचबीच्या नव्हत्याच, पीएलएच्या होत्या. दोन्हींत जिवाणू असतात, म्हणून माझ्या डोक्यात दोन्ही एकच झालं होतं. पीएलएमध्ये जिवाणू साखरेपासून फक्त लॅक्टिक आम्ल करतात. दह्यात असतं तेच. त्याची साखळी माणूस जोडतो. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये प्राज कंपनीने आपल्या जेजुरीला याचाच प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. काम चांगलंच आहे. पण पीएचबीचे दाणे पचवणारे जिवाणू मातीतही असतात आणि समुद्रातही. पीएलएला मात्र आधी भरपूर ऊब लागते. कंपोस्टेबल ठरवायची चाचणी साधारण 58 अंशांवर होते आणि 180 दिवसांत 90 टक्के विघटन मोजते. आजीच्या खड्ड्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या धंद्यात यासाठी एक बदनाम वाक्य आहे: "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय." ग्राहकाकडे बंद पडलं की आपण ते म्हणतो आणि टीम लीड शिव्या घालतो. ताटलीवरचं हिरवं पान म्हणजे तेच वाक्य. आणि ते मी आजीला ऐकवलं होतं, छातीठोकपणे.

'विघटनशील' हा शब्द आपण वस्तूचा गुण असल्यासारखा वापरतो. खरं तर तो वस्तू आणि जागा यांच्यातला करार आहे: इतकी ऊब, इतकी ओल, इतके दिवस. करारावर सही करणारा मी, आणि पाळायचा कोणी? खड्ड्याने. आणि खड्ड्याने नाही पाळला तर ताटल्या निवडायला सत्तरीतली बाई.

यावर ऑफिसातला एक मित्र म्हणाला, मग पीएचबीच्या घे, प्रश्न मिटला. खरंच मिटतो का? समजा त्या काही महिन्यांत जिरल्या. ते महिने कोणाचे? तेवढ्या काळात शेजारच्यांच्या गाईने चघळलं तर? माझी घाई संपलेली असते, मी रविवारी रात्री कल्याणला पोचलेला असतो. वाट बघायचं काम मात्र मी न विचारता दुसऱ्याला दिलेलं असतं.

पळसाच्या पत्रावळीही आमच्याकडे उकिरड्यातच जायच्या, आणि त्यात कोणाला पाप वाटलं नाही. मला वाटतं, याचं कारण पान नैसर्गिक असणं एवढंच नसावं. पत्रावळ लावणारी, जेवणारे आणि टाकणारे सगळे त्याच गावात राहायचे. पान किती दिवसांत कुजतं, हे टाकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असायचं. गुरांनी खाल्लं तर खाल्लं. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी येणारे-जाणारे त्यात जकात टाकत, असं सांगतात. आम्ही 24 जण त्याच्याशेजारी सेल्फी काढून उतरलो आणि खाली उलटं आमचंच काहीतरी ठेवून आलो.

पोतं मी बाइकवर बांधून ठाण्याला आणलं. ते अजून गॅलरीत आहे. ओल्या कचऱ्यात टाकू की सुक्या, हे सोसायटीतल्या कोणालाच नक्की सांगता आलं नाही.

काल ग्रुपवर मेसेज आला: यंदा पण नाणेघाट? प्लेट्स कोण आणणार? मी लिहिलं, घरच्या स्टीलच्या वापरू. लगेच अंगठे आले. मग आजीला फोन करून सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली.

"बरं," म्हणाली, "आन घासनार कोन?"