उघाडी

पेणच्या खारबंदिस्तीतली उघाडी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना शरीरातली ही युक्ती समजावून सांगायला नको. ओहोटीला शेतातले पाणी ती बाहेर सोडते. भरती आली की खाडीच्याच रेट्याने तिचे दार मिटते.

माझ्या रोह्याच्या वर्गात एका मुलाच्या डोक्यात अशीच उघाडी आहे. मेंदूत रोज सुमारे ५०० मिलिलिटर पाणी झरते. त्याची वाट अडली, की ते तुंबून मेंदू दाबते. मग शल्यवैद्य आतल्या पोकळीपासून कातडीखालून पोटापर्यंत नळी नेतात आणि वाटेत एकमार्गी झडप बसवतात.

परीक्षेच्या सकाळी तो डोके धरून बसला. मी त्याला ढोंगी म्हणालो. उलटी झाली, तेव्हा त्याच्या आईने बजावलेले आठवले : नळी तुंबल्याची हीच खूण. त्याच दिवशी त्याला मुंबईला नेले.

१९६० साली न्यूयॉर्कमध्ये रोआल्ड डाल या लेखकाचा तान्हा मुलगा मोटारीच्या अपघातात सापडला. त्याची नळी वरचेवर तुंबे. बापाने एक यंत्रज्ञ आणि एक शल्यवैद्य गाठून १९६२ साली नवी झडप सिद्ध केली. तोवर त्याच्या मुलाला तिची गरजच उरली नव्हती. ती लागली परक्यांच्या मुलांना. तिघांनी नफाही घेतला नाही. याला परोपकार म्हणावे की पुत्रप्रेम? मला त्या शब्दांशी कर्तव्य नाही. त्याने पोराचे दुखणे खरे मानले. मी, तोही लेखकच, मानले नाही.

मुलगा महिन्याने परतला. कानामागची ताजी शिवण चाचपीत म्हणाला, "सर, माझा राहिलेला पेपर कधी घेणार?"