अंगठा आणि सही

यंत्राला जात नसते, असं आपलीच शिकलेली पोरं आता म्हणायला लागलीत. अर्धं खरंय. आडनाव वाचून तलाठ्यानं नजर फिरवायची, कागद वरून टाकायचा, हे ऑनलाइन सातबाऱ्यात नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्याला मुदत लावली, विनाकारण टाळणाऱ्या अधिकाऱ्याला 5000 रुपयांपर्यंत दंड ठेवला. हे मी नाकारत नाही.

पण यंत्र चुकलं तर जाब कुणाला विचारायचा?

माझी माय मुखेडकडं जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबली. मी लातूरला डाळ मिलमध्ये पोती उचलतो. दोघांच्याही बोटांवरच्या रेषा झिजल्यात. रेशनच्या मशीनवर माय अंगठा ठेवते, मशीन म्हणतं जुळत नाही. दुकानदार म्हणतो, मी काय करू, वरूनच आलंय. वर म्हणजे कुठं? पूर्वी वर देव होता, आता सर्व्हर. दोघंही मोर्चाला सामोरे येत नाहीत. आणि बसून खाणाऱ्याचा अंगठा मात्र शाबूत असतो, बघा.

अंगठ्याचा इतिहास आपल्याला कुणी शिकवू नये. एकलव्याचा कापून घेतला. आज्याचा सावकारानं कोऱ्या कागदावर उठवून घेतला. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, तेव्हा कुठं आपण सही करायला लागलो. सही करणारा माणूस ती नाकारूही शकतो. अंगठ्याला फक्त जुळणं ठाऊक. पहिलं आधार 2010 साली नंदुरबारच्या टेंभलीत एका आदिवासी बाईच्या हाती दिलं, फोटो काढले. 2017 च्या ऑक्टोबरात केंद्रानंच राज्यांना कळवलं, अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका. हा कागद तुमच्या गावच्या दुकानात लावलाय का?

27 जुलै 1978 ला नामांतराचा ठराव झाला आणि नांदेडच्या खेड्यांत आपली घरं पेटली. तरी माणसं कचेरीवर गेली. कारण कचेरीला दार होतं, आत माणूस होता. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. आज तक्रार पोर्टलवर टाकायची. मला एक नंबर, शेजारणीला दुसरा. दोन नंबरांची गाठ पडत नाही, मग मोर्चा कसा व्हायचा?

ग्रामसभा अजून कायद्यात आहे. ज्यांचे अंगठे जुळत नाहीत त्यांची यादी तिथं मोठ्यानं वाचा. इतिवृत्तात लिहून घ्या, सहीसकट. आमच्या गावची यादी सुरू केलीय. मायनं स्वतःचं नाव पयलं लावायला सांगितलंय.