पाकिस्तानी पडद्यावरची उर्दू आणि पश्तो

पाकिस्तानात उर्दू राष्ट्रभाषा ठरली, पण ती घरात बोलणारे लोक तिथे थोडेच होते. लाहोरात पंजाबी, पेशावरात पश्तो आणि हिंदको; उर्दू कुटुंबांची मोठी वस्ती ती फाळणीनंतर कराचीत आलेल्या मुहाजिरांची. त्यामुळे उर्दू चित्रपटाला हक्काचा मुलूख कधी मिळालाच नाही, मिळाली ती शहरे. देशातला पहिला चित्रपट ‘तेरी याद’ १९४८ साली लाहोरात लागला. त्याचा नायक नासिर खान हा दिलीपकुमारचा भाऊ. पुढे तो मुंबईला परतला.

या बिनमुलखाच्या भाषेला बाजार लागत होता आणि त्यातला मोठा वाटा पूर्व पाकिस्तानात होता. ‘चंदा’ (१९६२) चालला तसे ढाक्यातले बंगाली निर्माते उर्दूकडे वळले. जहीर रायहान १९५२च्या बंगाली भाषा आंदोलनात उतरलेला माणूस, पण पाकिस्तानातला पहिला संपूर्ण रंगीत चित्रपट ‘संगम’ (१९६४) त्याने काढला तो उर्दूत. त्यात वैचारिक विसंगती शोधण्यापेक्षा तिकीटबारीकडे पाहिलेले बरे. १९६५च्या युद्धानंतर भारतीय चित्रपट बंद झाले आणि पुढच्याच वर्षी नायक वहीद मुरादचा ‘अरमान’ कराचीत तुफान चालला. १९७१ साली ढाका हातचा गेला, तरी तिथे घडलेली शबनम-नदीम ही जोडी उरली. त्यांचा ‘आईना’ (१९७७) कराचीत निरनिराळ्या चित्रपटगृहांतला मुक्काम धरून चारशेवर आठवडे टिकल्याचे सांगतात.

पश्तोची अडचण नेमकी उलटी. तिला मुलूख होता, प्रेक्षक होता, पण स्टुडिओ नव्हते. बहुतेक काम लाहोर आणि कराचीत चाले. पाकिस्तानातला पहिला पश्तो चित्रपट ‘यूसुफ खान शेरबानो’ १९७० साली आला. कथा लोककथेतली, पठाणांच्या घरोघरी ठाऊक असलेली. नायक बदर मुनीर स्वातकडचा. कराचीत त्याने रिक्षा चालवली, मग स्टुडिओत दिवे उचलले, आणि वहीद मुरादच्या ओळखीने तो कॅमेऱ्यापुढे आला. रिक्षावाले, गवंडी, हमाल असे हजारो पठाण तेव्हा कराचीत घरापासून लांब राबत होते. त्यांनी पडद्यावर आपल्यातलाच माणूस आपल्या बोलीत बोलताना पाहिला. पुढे बदर मुनीर शेकडो चित्रपटांत दिसला. बंदूक, सूड, इज्जत आणि पाहुण्याला दिलेला आसरा हा मालमसाला ठरून गेला. एका चित्रपटाचे तर नावच ‘टोपक जमा कानून’, म्हणजे बंदूक हाच माझा कायदा.

१९७७ साली जनरल झिया सत्तेवर आले. १९७९च्या नव्या कायद्याने सेन्सॉरचा फास आवळला आणि त्याच सुमारास घरोघरी व्हीसीआर पोहोचला. मोठा घाव बहुधा व्हीसीआरचाच. उर्दूचा मध्यमवर्गीय प्रेक्षक बायकामुलांसह घरी बसून, पडद्यावर बंदी असलेले मुंबईचे चित्रपट चोरट्या कॅसेटवर पाहू लागला. पश्तोचा प्रेक्षक एका खोलीत सात-आठ जणांसोबत राहणारा. त्याच्याकडे ना व्हीसीआर, ना तो लावायला घर. म्हणून उर्दूची चित्रपटगृहे ओस पडत असताना पश्तोची भरत राहिली. मात्र कुटुंबांनी पाठ फिरवल्यावर उरली ती निव्वळ पुरुषांची गर्दी, आणि निर्माते तिच्याच आवडीला लागले. नाच भडक होत गेले; अभिनेत्री मुसर्रत शाहीनचा ‘हसीना अ‍ॅटम बॉम्ब’ (१९९०) हा त्याचा नमुना. पेशावरचे शिक्षित पठाण या चित्रपटांना लाजत, पण लोककथा आणि घरगुती विषय घेऊन जाण्याजोगा प्रेक्षक निर्मात्यांना आता कुठून मिळणार होता, हा प्रश्न ते फारसा विचारत नसत. मुसर्रत शाहीन १९९७ साली धार्मिक पक्षाचे नेते मौलाना फजलुर रहमान यांच्या विरोधात निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि पडल्या. २००२ साली मौलानांचा पक्ष सामील असलेली धार्मिक आघाडी पेशावरच्या प्रांतात सत्तेवर आली आणि तिने सिनेमाच्या जाहिरातफलकांवर टाच आणली. पेशावरातल्या जुन्या चित्रपटगृहांपैकी कित्येक नंतर पाडली गेली आणि त्या जागी दुकानांच्या इमारती आल्या.